व्हीआर हेडसेट लावून कामगारांना ट्रेनिंग: खरंच अंगात मुरतं का? कुणी वापरलंय?

ट्रेनिंगवाली:

नमस्कार मंडळी. मी कारखान्यात ट्रेनिंगचं काम बघते, बारा वर्षं झाली. नवीन आलेल्यांचं इंडक्शन, सेफ्टी, मशीनवर उभं करायच्या आधी जे काही शिकवायचं ते सगळं माझ्याकडे. आता वरून ठरतंय की व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावला की चहूबाजूंनी खोटी जागा खरी असल्यासारखी दिसते तो) घ्यायचे आणि जमेल तेवढं ट्रेनिंग त्यात टाकायचं. परवा डेमो झाला. आग लागलेली खोली, हातात फायर एक्स्टिंग्विशर, पिन काढायची, नोझल आगीच्या बुडाशी धरायचा, दाबायचं आणि डावीकडून उजवीकडे फिरवत राहायचं. सगळ्यांना जाम आवडलं, आमच्या साहेबांनी तर दोनदा करून बघितलं. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू. पण घरी जाताना डोक्यात एकच, की हे खऱ्या वेळेला आठवेल का.

असं वाटायला कारण आहे. मागच्या वर्षी माझ्याच वर्गातला एक मुलगा, लोटोच्या पेपरात वीसपैकी वीस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, लोटो म्हणजे मशीनवर काम करायच्या आधी तिची वीज वगैरे बंद करून तिथे आपलं कुलूप आणि नावाचा टॅग लावायचा, म्हणजे आपण आत असताना दुसरं कुणी चालू करणार नाही. तर पेपर झाल्यावर आठ दिवसांनी हा कन्व्हेयरवर, म्हणजे माल वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर, काम करत होता. कुलूप लावलं, टॅग लावला, रजिस्टरवर सही केली, आणि स्टार्टचं बटण दाबून मशीन खरंच बंद आहे का ते न बघताच हात आत घातला. कुलूप शेजारच्या कन्व्हेयरच्या आयसोलेटरला, म्हणजे वीज तोडायच्या स्विचला, लागलं होतं. सुपरवायझरचं लक्ष गेलं म्हणून पोराचा हात वाचला. पेपर मीच तपासला होता, वीसपैकी वीस मीच दिले होते, आणि तेव्हापासून पेपरातल्या मार्कांवरचा माझा विश्वासच उडालाय.

तर विचारायचं असं की व्हीआरने हा फरक पडतो का, म्हणजे माहीत असणं आणि हाताने तसंच होणं यातला. कुठल्या कामासाठी घ्यावं, कुठल्यासाठी अजिबात घेऊ नये? आमच्याकडे पन्नाशीच्या पुढचे बरेच जण आहेत, चष्मेवाले आहेत, डेमोत दोघांना गरगरलं. आणि उपयोग झाला की नाही हे मोजायचं कसं? विकणाऱ्यांचं ऐकून झालंय, आता ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांचं ऐकायचंय.


पानापक्कड:

ताई, आमच्याकडे तीन वर्षं झाली वापरतोय, मी मेंटेनन्समध्ये आहे आणि सेफ्टी कमिटीवर पण. सरळ सांगतो, सगळं ट्रेनिंग त्यात टाकायचा विचार आधी सोडून द्या. आम्ही तेच केलं होतं, इंडक्शनची पॉलिसी, सुट्ट्यांचे नियम, कँटीन कुठे, सगळं त्या हेडसेटमध्ये. माणूस डोक्यावर अर्धा किलोचं ओझं घेऊन हवेत तरंगणारा मजकूर वाचतोय, जो कागदावर दोन मिनिटांत वाचून झाला असता. सहा महिन्यांत ते बंद केलं.

मग जे उरलं ते खरंच कामाचं निघालं. आम्ही स्वतःला विचारायचो की या कामात चूक करून बघणं खऱ्या जागेवर परवडेल का. परवडत असेल तर खऱ्या जागेवरच शिकवा, त्याच्याइतकं चांगलं काहीच नाही. नट किती आवळायचा, बेअरिंग बसताना हाताला कसं लागतं, बेल्टचा ताण अंगठ्याने दाबून कसा बघायचा, हे हेडसेटमध्ये शिकवायला जाऊच नका, हातात धरायचा कंट्रोलर नुसता थरथरतो, त्याला वजन नाही की अडकणं नाही. आणि जिथे चूक परवडत नाही किंवा प्रसंगच वर्षा-दोन वर्षांत एकदा येतो, तिथे वापरा.

आमचा सगळ्यात चांगला धडा कन्फाइंड स्पेसचा, म्हणजे टाकीसारख्या बंदिस्त जागेचा आहे. तुम्ही टाकीच्या मॅनहोलपाशी स्टँडबाय म्हणून उभे, खाली आत तुमचा जोडीदार काम करतोय, त्याच्याशी बोलणं चालू आहे, मधेच त्याचं उत्तर येत नाही. वाकून बघितलं तर तो शिडीच्या पायथ्याशी पडलाय. तुमच्याकडे रेडिओ आहे, गॅस डिटेक्टर आहे, मॅनहोलवर तिपाई (ट्रायपॉड) आणि दोरी गुंडाळून माणूस वर ओढायचं विंच आहे आणि त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांना (हार्नेसला) ती दोरी लावलेली आहे. ताई, वर्गात विचारा, शंभर टक्के लोक सांगतात की आत उतरायचं नाही, अलार्म द्यायचा, विंचने ओढायचं. आणि हेडसेटमध्ये आमच्या पहिल्या बॅचमधले बहुतेक सगळे शिडीवर पाय टाकून मोकळे. माझ्यासकट. मी वीस वर्षं हे काम करतोय, नियम तोंडपाठ आहे, पण खाली माणूस पडलेला दिसला की पाय आपोआप जातात. अर्ध्या शिडीवर समोरचं सगळं कडेने काळं होत जातं आणि डिटेक्टर कमरेला ओरडत असतो, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली. त्या दिवशी मला कळलं की आपल्याला हा नियम माहीत आहे म्हणजे नेमकं किती कमी माहीत आहे.

अमेरिकेच्या निओशने, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने, १९८६मध्ये एक इशारा काढला होता, त्यात लिहिलंय की बंदिस्त जागेत मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक हे वाचवायला आत गेलेले होते. हा आकडा मी आधी बॅचला स्लाइडवर दाखवायचो, कुणी मान वर करून बघायचं नाही. आता हेडसेट काढल्यावर सांगतो. माणसं गप्प बसून ऐकतात.

तुमच्या लोटोच्या पोराबद्दल मात्र मला थोडं वेगळं म्हणायचंय, ते नंतर लिहितो, शिफ्ट सुरू होतेय.


हेक्सापॉड:

मी विमानाच्या सिम्युलेटरवर टेक्निशियन होतो बरीच वर्षं, सहा पायांवर हलणारे मोठे असतात ते, नाव त्यावरूनच घेतलंय. वरची पोस्ट अगदी बरोबर आहे, त्यात भर घालतो, आणि एक धोका सांगतो जो विकणारे कधीच सांगत नाहीत.

ही कल्पना हेडसेटपेक्षा खूप जुनी आहे. एडविन लिंक नावाचा माणूस, घरचा ऑर्गन आणि पियानो बनवायचा कारखाना, त्याने ऑर्गनचे भाते वापरून कलणारं, वळणारं एक छोटं खोटं विमान बनवलं, १९२९ला पेटंटसाठी अर्ज केला. सुरुवातीला ते जत्रेतल्या खेळण्यासारखंच वापरलं गेलं. मग १९३४मध्ये अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांवर टपाल नेण्याची जबाबदारी पडली, खराब हवेत नुसत्या मीटरच्या काट्यांवर बघून उडायची सवय नव्हती, थोड्याच आठवड्यांत बरेच वैमानिक मेले, आणि तेव्हा सैन्याने ही खोकी विकत घेतली. वरून झाकण बंद, बाहेरचं काहीच दिसत नाही, समोर फक्त काटे. म्हणजे दृश्य शून्य! तरी दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यात शिकले. कारण शिकायचं होतं तेवढंच त्यात नीट होतं, शरीर काहीही सांगो, काट्यांवर विश्वास ठेवायचा. आज तर सर्वात वरच्या दर्जाच्या सिम्युलेटरवर, ज्याला लेव्हल डी म्हणतात, आधीपासून अनुभव असलेला वैमानिक नव्या प्रकारच्या विमानाचं ट्रेनिंग खरं विमान न उडवता पूर्ण करू शकतो.

आता धोका. सिम्युलेटर जे चुकीचं दाखवतो तेही माणूस तितकंच पक्कं शिकतो.

२७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरीफ बेट. धुक्यात दोन जम्बो जेट धावपट्टीवर धडकली, ५८३ माणसं गेली. कारणं बरीच, रेडिओवर दोघे एकदम बोलल्यामुळे कापला गेलेला निरोप, घाई, धुकं. पण तपासात हेही पुढे आलं की परवानगी न मिळताच टेकऑफला निघालेल्या विमानाचे कॅप्टन कंपनीचे नावाजलेले प्रशिक्षक होते आणि त्यांचा बराच काळ सिम्युलेटरवर शिकवण्यात गेला होता. सिम्युलेटरमध्ये टॉवरवरून परवानगी देणारा वेगळा कंट्रोलर बसलेला नसतो, परवानगी इन्स्ट्रक्टर स्वतःच देतो आणि बऱ्याचदा तीही न देता टेकऑफ होतो. परवानगीसाठी थांबणं ही गोष्टच त्या खोलीत नव्हती.

दुसरं, १२ नोव्हेंबर २००१, न्यूयॉर्कहून निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ नंबरचं विमान. पुढे गेलेल्या जम्बोच्या मागे हवेत जो भोवरा राहतो त्यात हे सापडलं, को-पायलटने रडर (शेपटीवरचं सुकाणू, पायाने चालतं) जोरजोरात एकदा इकडे एकदा तिकडे दाबला आणि शेपटीचा उभा पंखच तुटला. विमानातले २६० आणि जमिनीवरचे ५ गेले. तपासणाऱ्यांनी मुख्य कारण तो रडरचा वापर धरला, आणि हातभार लावणाऱ्या कारणांत त्या विमानाच्या रडरच्या रचनेबरोबर कंपनीच्या ट्रेनिंगचाही उल्लेख केला. सिम्युलेटरमधल्या त्या धड्यात विमान भोवऱ्यात खूपच जास्त कलायचं आणि काही क्षण वैमानिकाच्या कंट्रोलला दादच द्यायचं नाही. शिकणाऱ्याच्या मनात काय बसेल? की भोवरा म्हणजे भयंकर काहीतरी आणि जोरात दाबल्याशिवाय विमान ऐकत नाही.

मी हे घाबरवायला लिहीत नाहीये. सिम्युलेटरवर माझा जीव आहे, आयुष्य त्यात गेलंय आणि त्यामुळे किती माणसं वाचली तेही मला माहीत आहे. पण ताई, एखादा धडा विकत घेण्याआधी एक कागद घ्या आणि लिहा, हा धडा खऱ्या जागेपेक्षा कुठे कुठे वेगळा आहे, आणि त्या प्रत्येक फरकातून माणूस काय शिकेल. आम्ही प्रत्येक सिम्युलेटरसाठी ही यादी ठेवायचो.


पॉलिगॉन:

मी असले सेफ्टीचे धडे बनवतो, युनिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. हेक्सापॉड दादांची पोस्ट वाचून खरंच थांबलो, कारण आम्ही रोज एक गोष्ट करतो तिचा असा विचार केलाच नव्हता. जी वस्तू उचलायची ती चमकते. कुलूप हातात घेतलं की बरोबर आयसोलेटरच्या कडा हिरव्या होतात आणि कुलूप जवळ नेलं की टक्कन जाऊन बसतं. सगळ्या टेम्प्लेटमध्ये हे आधीपासूनच असतं, कारण पहिल्यांदा हेडसेट लावणारा माणूस नाहीतर अडकून बसतो आणि डेमो फसतो.

ट्रेनिंगवाली ताई, तुमच्या मुलाने कुलूप शेजारच्या आयसोलेटरला लावलं होतं. आमच्या धड्यात त्याच्याकडून ती चूक होऊच शकली नसती, आणि त्यामुळे तो ती टाळायलाही शिकला नसता. हिरवं दिसेल तिथे कुलूप लावायचं एवढंच शिकला असता. आज ऑफिसात गेल्यावर पहिलं हे बोलणार आहे. बंद करणं अवघड नाही, एक सेटिंग आहे.

बाकी तुमचे प्रश्न. गरगरणं का होतं, तर डोळे सांगतात आपण चालतोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण उभे आहोत, त्या भांडणातून मळमळ. म्हणून ज्या धड्यात कंट्रोलरवरची काडी ढकलून सरकत चालायचं असतं तो घेऊच नका. एक तर माणसाने स्वतःच्या पायांनी दोन-तीन मीटरच्या जागेत फिरावं, नाहीतर बोट दाखवून एका जागेवरून दुसऱ्या जागी एकदम जावं. चित्र सेकंदाला ७२ ते ९० वेळा बदलायला हवं, ते अडखळलं की उमासे आलेच. दोन बाहुल्यांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं, त्यानुसार भिंगं सरकवायची सोय असते पण कुणी करतच नाही, सगळ्यांना आधीच्या माणसाच्याच सेटिंगवर बसवतात आणि मग म्हणतात वयस्कर लोकांना झेपत नाही. चष्म्यासाठी मधे घालायची पट्टी येते, ती मागून घ्या. पहिलं सत्र दहा मिनिटं, त्याहून जास्त नको, आणि गरगरलं तर लगेच काढायचं, सहन करून पुढे रेटायचं नाही. त्यानंतर लगेच फोर्कलिफ्टवर किंवा शिडीवर पाठवू नका.

खरेदी करताना एक नीट विचारा, हेडसेट फक्त मान फिरवलेली ओळखतो की माणूस पुढे-मागे सरकला, वाकला, बसला तेही. २०१८मध्ये वॉलमार्टने अमेरिकेत आपल्या दुकानांसाठी १७,००० ओक्युलस गो हेडसेट घेतले, ते फक्त मान ओळखणारे. त्यांना गर्दीच्या दिवशी दुकानात काय होतं ते चहूबाजूंनी शूट केलेल्या व्हिडिओत दाखवायचं होतं, बघायचं आणि पर्याय निवडायचा, त्याला तेवढं पुरतं. पानापक्कड दादांसारखं मॅनहोलवर वाकून बघायचं असेल तर दुसऱ्या प्रकारचाच लागेल. नुसता व्हिडिओ दाखवून त्याला व्हीआर ट्रेनिंग म्हणून विकणारेही आहेत, जपून.

तुम्हाला एक रिपोर्ट नक्की दाखवतील, पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीचा, २०२०चा. त्यात आहे की व्हीआरमध्ये वर्गापेक्षा चार पट लवकर शिकून झालं आणि ३७५ शिकणारे झाले की खर्च वर्गाच्या बरोबरीला येतो. रिपोर्ट खरा आहे, पण ते शिकणारे त्यांच्याच कंपनीतले नवे मॅनेजर होते आणि विषय होता सगळ्यांना सामावून घेऊन टीम कशी चालवायची. तुमच्या कन्व्हेयरला तो आकडा तसाच्या तसा लावू नका. आणि मशीन बदललं, पॅनल हललं की धडाही बदलावा लागतो, तो कोण बदलणार आणि किती दिवसांत, हे करारातच लिहून घ्या. लोक हे विसरतात आणि दोन वर्षांनी कामगार जुन्या पॅनलवर सराव करत बसतात.

अजून एक, हे हेडसेट हाताची हालचाल, नजर कुठे गेली, किती वेळ थांबला, सगळं नोंदवू शकतात. ती माहिती कोण बघणार हे आधीच ठरवा आणि कामगारांना सांगा.


फोर्कलिफ्ट_२२:

मी शिकणाऱ्याच्या बाजूने सांगतो. मला दोन ठिकाणी असं ट्रेनिंग मिळालं.

पहिल्या ठिकाणी हेडसेट लावून मधोमध उभं करायचे आणि मला जे दिसतंय ते मोठ्या टीव्हीवर सगळ्या बॅचला. मी रॅकला धडकलो की मागून हसायचे, मला ते ऐकू यायचं पण कोण हसतंय ते दिसायचं नाही. फार वाईट वाटायचं, डोळ्यांवर पट्टी बांधून चौकात उभं केल्यासारखं. मग मी काय केलं तर एकदम हळू चालवायचो, काही करून धडकायचं नाही एवढंच डोक्यात. पास झालो पण काही शिकलो नाही.

दुसरीकडे खरी सीट, खरं स्टिअरिंग, पायात पेडल, आणि समोर फक्त ट्रेनर, टीव्ही बंद. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की आज गाडी उलटवायची आहे, जोरात घे, फोर्क वर ठेवून वळव. फोर्कलिफ्टचं मागचं चाक वळतं, त्यामुळे शेपूट बाहेर फेकलं जातं, हे पुस्तकात वाचलं होतं. त्यांनी तीनदा उलटवायला लावली आणि तिन्ही वेळा मी बेल्ट सोडून बाहेर उडी मारायला गेलो. नियम असा आहे की उडी मारायची नाही, बेल्ट लावलेलाच ठेवायचा, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि गाडी पडतेय त्याच्या उलट्या बाजूला अंग झुकवायचं, कारण उडी मारणारा वरच्या लोखंडी चौकटीखाली सापडतो. चौथ्या वेळेला धरून बसलो. पाचव्या, सहाव्या वेळेलाही. हात घामाने ओले झाले होते, खरंच. आज पण जोरात वळण आलं की हात आपसूक स्टिअरिंगवर आवळले जातात.

ताई, टीव्ही बंद ठेवा. एवढंच मागणं आहे.


वॉर्डातली:

मी नर्स आहे, आमच्या सिम्युलेशन लॅबमध्ये शिकवते. फोर्कलिफ्ट_२२ दादा, तुम्ही लिहिलंत ते वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे नवीन मुलींना पहिलं वाक्य हेच सांगितलं जातं की इथे जे होईल ते या खोलीत राहील, आणि ते पाळलं जातं.

ट्रेनिंगवाली ताई, तुम्ही मोजण्याचं विचारलंय त्यावर आमच्या क्षेत्रातलं एक सांगते. २००२मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या लोकांचा एक प्रयोग छापून आला होता, दुर्बिणीतून पित्ताशय काढायच्या ऑपरेशनचा. सोळा शिकाऊ सर्जन, अर्ध्यांना व्हीआरवर सराव दिला आणि अर्ध्यांना नेहमीचं ट्रेनिंग. मग सगळ्यांनी खऱ्या पेशंटवर ऑपरेशन केलं आणि कोण कुठल्या गटातला हे माहीत नसलेल्यांनी व्हिडिओ बघून चुका मोजल्या. व्हीआरवाल्यांचं काम २९ टक्के लवकर झालं, आणि पित्ताशयाला इजा करणं किंवा भलतीच जागा जाळणं हे दुसऱ्या गटात पाच पट जास्त. पण मला त्यात सगळ्यात जास्त काय भावलं माहितीये? त्या सिम्युलेटरमध्ये पोट नव्हतं, रक्त नव्हतं, पित्ताशयसुद्धा नव्हतं. नुसते गोळे आणि चौकोन होते, ते दोन हातांनी धरायचे, दुसऱ्या हातात द्यायचे, ठराविक जागी डाग द्यायचा. डोळे पडद्यावर आणि हात खाली, हत्यार उलट दिशेला जातं, ती सवय त्यात होत होती.

दुसरी गोष्ट, त्यांनी सरावाला तास ठरवले नव्हते. अनुभवी सर्जनांकडून आधी तेच करून घेतलं, त्यांचा स्कोअर ठेवला, आणि शिकणारा तिथपर्यंत पोचेपर्यंत सराव. कुणाला लवकर जमेल, कुणाला वेळ लागेल. आपल्याकडे सगळीकडे उलटं चालतं, प्रत्येकाला वीस मिनिटं, झालं, सर्टिफिकेट, पुढचा या. तुम्ही तुमच्या सगळ्यात मुरलेल्या चार फिटरना आधी त्या धड्यात घाला. त्यांना जमत नसेल तर धडा चुकीचा आहे. जमलं तर त्यांचा स्कोअर हीच पास व्हायची रेघ.

आणि नंतरचं बोलणं. मला विचाराल तर शिकणं तिथेच होतं. आमच्याकडे प्रसंग दहा मिनिटांचा असतो आणि नंतर बसून बोलणं वीस-पंचवीस मिनिटांचं. मी सुरुवातीला काय करायचे तर लगेच चुका सांगायचे, ऑक्सिजन उशिरा लावलास, हाक मारली नाहीस, असं. मुली माना खाली घालून हो हो म्हणायच्या. मग माझ्या सिनियरने मला शिकवलं की आधी विचार, त्या वेळी तुला काय दिसत होतं? एक मुलगी होती, मॉनिटरवर ऑक्सिजन उतरत चाललेला आणि ही पेशंटच्या सलाईनशी खटपट करत बसलेली. मी ओरडणारच होते. विचारल्यावर म्हणाली, सिस्टर, मला वाटलं ऑक्सिजन मोजायचा बोटाचा क्लिप निसटलाय, कारण काल वॉर्डात तीनदा तसंच झालं होतं. म्हणजे तिने आकडा बघितला होता, त्यावर विश्वास ठेवला नव्हता. आता तिला मॉनिटर बघत जा असं शंभर वेळा सांगून काय झालं असतं? तिला शिकवायचं होतं ते वेगळंच, की आकडा खोटा वाटला तर आधी पेशंटकडे बघ, ओठ बघ, श्वास बघ, मग क्लिपला हात लाव.

तुमच्या त्या मुलाला कुणी विचारलं का, की त्याला त्या वेळी काय दिसत होतं?


पानापक्कड:

शिफ्ट संपली, आलो परत. मला जे लिहायचं होतं ते वॉर्डातल्या ताईंनी आणि पॉलिगॉनने निम्मं लिहिलंच आहे.

लोटोमध्ये लोक कुलूप लावायला विसरत नाहीत, कुलूप दिसतं, त्यावर सही असते. विसरतात ते दोन गोष्टी. एक म्हणजे बटण दाबून बघणं. दुसरी म्हणजे साठून राहिलेली ताकद, लाईनमध्ये अडकलेली हवा, वर उचललेला भार, दाबलेली स्प्रिंग. वीज बंद आहे, कुलूप आहे, आणि मशीनचा हवेवर चालणारा सिलिंडर तरी हलतो. आमच्या धड्यात अडकलेली हवा सोडून दिली (ब्लीड केली) नाही तर गार्ड, म्हणजे संरक्षक झाकण, उघडल्यावर रॅम, म्हणजे दाबणारा दांडा, खाली येतो, थेट हातावर. रक्त वगैरे दाखवत नाही, नुसता आवाज येतो आणि समोरचा हातमोजा दिसेनासा होतो. लोक हात झटकन मागे घेतात, खऱ्या जगात. हे पुरेसं आहे, याच्यापेक्षा जास्त भयानक करू नका, आमच्या एका माणसाचा भाऊ असाच जखमी झाला होता आणि त्याला तो धडा झेपला नाही, तेव्हापासून आम्ही आधी विचारतो आणि नको म्हणणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीने शिकवतो.

आणि हेडसेट झाला की त्याच दिवशी, त्याच माणसाला, खऱ्या मशीनवर खऱ्या कुलपाने एकदा पूर्ण करायला लावा. हेडसेटमध्ये कुलूप हलकं असतं, गंजलेलं नसतं, किल्ली खिशात शोधावी लागत नाही.

मोजायचं म्हणाल तर आम्ही दोन महिन्यांनी न सांगता जाऊन बघतो, चालू कामात, बटण दाबून बघितलं का. शिक्षा नाही, कुणाचं नाव लिहीत नाही, फक्त किती जणांनी बघितलं ते. हेडसेटमधला स्कोअर मी आता बघतसुद्धा नाही.


ट्रेनिंगवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, काल रात्री दोनदा वाचून काढलं.

वॉर्डातल्या ताई, नव्हतं विचारलं. कुणीच नव्हतं विचारलं. मेमो निघाला होता, मी त्याला परत वर्गात बसवून तोच पेपर दिला होता, आणि त्याने परत वीसपैकी वीस मिळवले. आज सकाळी त्याला चहाला बाजूला घेतलं आणि विचारलं. आधी घाबरला, वाटलं परत काहीतरी निघालं. मग म्हणाला, मॅडम, दोन्ही आयसोलेटर शेजारी शेजारी, एकसारखे, नंबर रंगवलेले होते ते पुसट झालेत, एका नंबराचा अर्धाच भाग उरलाय. आणि बटण का नाही दाबलं विचारलं तर म्हणाला की बटण कन्व्हेयरच्या त्या टोकाला आहे, पंचवीस पावलं, आणि मागून लाईन चालू करायची घाई चालली होती. आम्ही दोघं जाऊन उभे राहिलो तिथे. मी बारा वर्षं त्या पॅनलसमोरून जातेय. मलाही कुठला कुठला ते पटकन सांगता आलं नाही.

नंबर आज दुपारीच नव्याने रंगवून घेतले, त्याला कुठलाच हेडसेट लागला नाही. सगळे पॅनल तपासायला मेंटेनन्सला सांगितलंय.

साहेबांशीही बोलले. इंडक्शन त्यातून काढलं, आग राहू दे म्हणाले कारण सगळ्यांना आवडलंय, ठीक आहे. सुरुवात दोनच धड्यांनी करतोय, लोटो आणि टाकीत उतरणं. विकणाऱ्याला आज मेल केला, त्यात लिहिलंय की दोन आयसोलेटर शेजारी शेजारी हवेत, एकसारखे, पुसट नंबरवाले, काहीही हिरवं होता कामा नये, कुलूप चुकीच्या ठिकाणीही लागलं पाहिजे, आणि स्टार्टचं बटण पंचवीस पावलं लांब. मागे उभा राहून लवकर कर म्हणणारा सुपरवायझरचा आवाज पण हवा. त्यांचं उत्तर आलं की असं केलं तर बरेच लोक पहिल्या वेळेला नापास होतील, चालेल का.

चालेल म्हणून कळवलं. पहिल्यांदा तो मुलगाच करणार आहे, टीव्ही बंद ठेवून, आणि नंतर मी आणि तो बसून बोलणार. पॉलिगॉन, तुमची ती सेटिंग नेमकी कुठे असते तेवढं सांगाल का, म्हणजे त्यांनी होत नाही म्हटलं तर मला बोलता येईल.


पॉलिगॉन:

प्रत्येकाच्या प्रोजेक्टमध्ये नाव वेगळं असतं ताई, पण त्यांना दोन गोष्टी विचारा, वस्तूवरचं हायलाइट बंद होतं का, आणि कुलूप ज्या खोबणीत बसतं तशी खोबणी दुसऱ्या आयसोलेटरलाही देता येते का. दुसरी गोष्ट अर्ध्या दिवसाचं काम आहे. आमच्या धड्यात मी आज ती करून टाकली. ऑफिसातल्या पाच जणांना दिला, तिघांनी कुलूप चुकीच्या ठिकाणी लावलं, आणि त्यातल्या एकाने तो धडा स्वतः बनवलाय.